विकास आराखडा : रेघ कोणाची, सही कोणाची?

एखाद्या शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की पुढचे काही आठवडे महापालिकेच्या एका दालनाला जत्रेचे रूप येते. भिंतींवर मोठाले रंगीत नकाशे लावलेले असतात. पिवळा रंग निवासी विभागाचा, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा शेतीचा किंवा मोकळ्या जागांचा. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत सर्व्हे नंबर. हातात सातबाऱ्याचा उतारा घेतलेली माणसे चष्मा पुढेमागे सरकवत, बोट फिरवत आपला नंबर शोधत असतात. नंबर सापडला की चेहरा बदलतो. कुणाच्या जमिनीवर पिवळा रंग पडलेला असतो आणि रात्रीतून तिचा भाव वाढलेला असतो. कुणाच्या घरावरून चोवीस मीटरचा रस्ता गेलेला असतो. कुणाच्या वडिलोपार्जित तुकड्यावर ‘खेळाचे मैदान’ असे लिहिलेले असते.

“हे कोणी ठरवले?” असा प्रश्न तिथे रोज अनेकदा विचारला जातो. टेबलामागच्या कर्मचाऱ्याचे उत्तर ठरलेले असते : “हरकत लिहून द्या, सुनावणी होईल.”

उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. जमिनीचा वापर कोणत्या कामासाठी व्हावा हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे एका हातात नाही. रेघ एकजण मारतो आणि सही दुसरा करतो. ही विभागणी कशी झाली, आणि तिचे शहरांवर काय परिणाम झाले, हे समजून घेतल्याशिवाय त्या दालनातल्या माणसाला आपली हरकत नेमकी कोणापुढे मांडली जाणार आहे हे कळणार नाही.

प्लेगपासून सुरुवात

शहर आखण्याचे कायदे आपल्याकडे सौंदर्यदृष्टीतून आले नाहीत, ते आजाराच्या भीतीतून आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. दाट चाळी, अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेली गटारे यांना दोषी धरून सरकारने १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रस्ते या ट्रस्टने दाट वस्ती पाडून काढले; दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती त्यानेच आखल्या. लोकनियुक्त सदस्य असलेली महापालिका मुंबईत तेव्हाही होती. तरीही हे काम तिच्याकडे न देता सरकारने वेगळी यंत्रणा उभी केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला; पण महत्त्वाचे काम आले की लोकनियुक्त संस्थेला बाजूला ठेवून स्वतंत्र प्राधिकरण नेमायचे, ही सवय मात्र विलीन झाली नाही.

१९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला. इंग्लंडच्या १९०९ च्या कायद्यावर बेतलेला हा भारतातला अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याची रीत साधी होती. गावाच्या कडेची वेडीवाकडी शेते एकत्र करायची, त्यांतून रस्ते आणि सार्वजनिक जागा वेगळ्या काढायच्या आणि उरलेल्या जमिनीचे सरळ कोनांचे भूखंड पाडून ते मूळ मालकांना परत द्यायचे. मालकाची जमीन कमी होई, पण उरलेल्या जमिनीची किंमत वाढे. वांद्रे, सांताक्रुझ, विलेपार्ले इथल्या जुन्या पत्त्यांत आजही ‘टीपीएस’ ही अक्षरे आढळतात, ती याच योजनांची खूण. या कायद्यातही मसुदा स्थानिक संस्थेचा आणि अंतिम मंजुरी सरकारची, अशीच वाटणी होती.

स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या मुंबई नगररचना कायद्याने पुढचे पाऊल टाकले. आता केवळ कडेच्या शेतांची नव्हे, तर संपूर्ण शहराची विकास योजना करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले. त्याची जागा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने घेतली. आज राज्यातला प्रत्येक विकास आराखडा या कायद्याखाली तयार होतो. गुजरातने त्याच १९१५ च्या वारशातून जमिनी एकत्र करून वाटण्याची पद्धत जपली आणि अहमदाबादसारखे शहर तिच्यावर वाढवले. महाराष्ट्राने मात्र जास्त भर आरक्षणावर दिला : नकाशावर मैदान, शाळा, दवाखाना दाखवायचा आणि जमीन नंतर ताब्यात घ्यायची. ही ‘नंतर’ फार लांबली. त्याकडे पुढे येऊ.

कायद्याची पायरी-पायरी

१९६६ च्या कायद्यानुसार महापालिका किंवा नगरपरिषद ही आपल्या हद्दीपुरती ‘नियोजन प्राधिकरण’ असते. ती आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग आज कोणत्या जमिनीवर काय आहे याचा नकाशा तयार होतो. त्यावरून पुढच्या वीस वर्षांचा प्रारूप आराखडा होतो आणि तो सभागृहाच्या मान्यतेने प्रसिद्ध केला जातो. नागरिक हरकती व सूचना देतात. त्या ऐकण्यासाठी नियोजन समिती असते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले चार जणांपर्यंतचे जाणकार असतात. समितीचा अहवाल सभागृहापुढे येतो, सभागृह बदल करते आणि आराखडा राज्य सरकारकडे जातो.

कलम ३१ प्रमाणे सरकार तो जसाच्या तसा मंजूर करू शकते, बदल करून मंजूर करू शकते, परत पाठवू शकते किंवा नाकारू शकते. मोठे बदल करायचे असतील तर तेवढा भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. नगररचनेच्या भाषेत त्याला ‘ईपी’ म्हणतात आणि अनेक वादग्रस्त जमिनी वर्षानुवर्षे या ‘ईपी’त अडकून पडतात.

मंजुरीनंतरही गोष्ट संपत नाही. कलम ३७ प्रमाणे आराखड्यात फेरबदल करता येतात. फेरबदलाने आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये, अशी अट आहे. प्रस्ताव महापालिका करू शकते, सरकार तिला तसे करायला सांगू शकते आणि ठरावीक परिस्थितीत सरकार स्वतःही तो करू शकते. शेवटची सही दर वेळी मंत्रालयातल्या नगरविकास विभागाचीच. शिवाय कलम ४० खाली सरकार एखादा प्रदेश स्थानिक संस्थेकडून काढून ‘विशेष नियोजन प्राधिकरणा’कडे सोपवू शकते, आणि कलम १५४ खाली कोणत्याही नियोजन प्राधिकरणाला निर्देश देऊ शकते.

थोडक्यात, आराखडा काढणे हे महापालिकेचे कर्तव्य आहे, पण तो अंतिम ठरवणे हा तिचा अधिकार नाही.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने हे चित्र बदलेल अशी अपेक्षा होती. १ जून १९९३ पासून ती लागू झाली. तिने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली आणि शहरी संस्थांकडे सोपवण्याचे अठरा विषय तिच्यात नोंदवले. पहिला विषय नगररचनेसह नागरी नियोजन. दुसरा जमिनीच्या वापराचे आणि इमारतींच्या बांधकामाचे नियमन. यादीत इतका मानाचा क्रम दुसऱ्या कशाला नाही. पण कलम २४३-डब्ल्यू मधला शब्द ‘द्यावेत’ असा नाही, ‘देऊ शकेल’ अशा अर्थाचा आहे. किती द्यायचे हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचे. महाराष्ट्राने आराखडा करण्याचे काम १९६६ पासूनच स्थानिक संस्थांना दिलेले होते, त्यामुळे आम्ही हे आधीच केले आहे असे म्हणायला राज्य मोकळे होते. मंजुरीचा अधिकार मात्र जिथे होता तिथेच राहिला.

गिरणगावची वाटणी

एका कलमाच्या वाचनाने शहराचा चेहरा कसा बदलतो याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण गिरणगावचे आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप कधी औपचारिकपणे मिटलाच नाही; गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि मध्य मुंबईत सुमारे सहाशे एकर जमीन मागे राहिली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने या जमिनीची वाटणी सांगितली. गिरणीने जमीन विकासासाठी काढली तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागा आणि सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला आणि या जमिनींचा तुटक तुटक नव्हे तर एकत्रित विचार व्हावा, अशी मांडणी त्याने केली.

२००१ मध्ये राज्य सरकारने कलम ३७ खाली नियम ५८ बदलला. वाटणीचे सूत्र वरवर तसेच राहिले, पण ते कशाला लावायचे ते बदलले. आता वाटणी होणार होती ती केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरणीची इमारत पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून वगळली गेली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते ती किती? बहुतेक जागा शेड, गोदामे आणि चिमण्यांनी व्यापलेली. त्यामुळे शहराच्या वाट्याला येणारा तुकडा एकदम आक्रसला.

प्रकरण न्यायालयात गेले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडून मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरली पाहिजे, असा निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा बदल वैध ठरवला. आज लोअर परळच्या पुलावरून दिसणाऱ्या काचेच्या मनोऱ्यांची आणि शेजारच्या चिंचोळ्या पदपथांची मुळे एका शब्दाच्या अर्थात आहेत. ‘मोकळी’ म्हणजे कोणती जमीन, हे शहरातल्या रहिवाशांनी ठरवले नाही.

पुण्याच्या टेकड्या आणि पुण्याचा आराखडा

राज्य वाईट आणि महापालिका चांगली, असा सोपा निष्कर्ष काढायला मन धजावते. पुण्याची कहाणी तसा काढू देत नाही.

१९९७ मध्ये आजूबाजूची गावे पुण्याच्या हद्दीत आली. त्यांतल्या तेवीस गावांच्या आराखड्यात टेकड्यांच्या उतारावरील जवळपास हजार हेक्टर जमीन ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून राखावी, असा निर्णय महापालिकेच्या सभागृहाने घेतला. नागरिकांच्या मोठ्या मोहिमेचे ते फळ होते. पण या आरक्षणावर राज्याची मोहोर उमटायला २०१५ उजाडले. मधल्या दशकात टेकड्यांच्या पायथ्याशी घरे वर चढत राहिली आणि ज्यांची जमीन आरक्षित झाली त्या मालकांचा मोबदल्याचा प्रश्न लोंबकळत राहिला. इथे स्थानिक सभागृह पुढे होते आणि राज्य मागे.

त्याच शहराच्या जुन्या हद्दीची गोष्ट उलटी. आधीचा आराखडा १९८७ मध्ये मंजूर झालेला. कायदा म्हणतो, वीस वर्षांत एकदा तरी आराखड्याची फेरतपासणी करा. नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला २०१३ मध्ये. त्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. नियोजन समितीच्या सदस्यांतच एकमत झाले नाही. सभागृहाचा खल लांबला आणि मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेच्या हातातून काढून विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यांच्या समितीकडे दिला. जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला. म्हणजे वीस वर्षांची फेरतपासणी तीस वर्षांनी झाली. आणि शेवटचा हात ना नगरसेवकांचा होता, ना त्यांना निवडून देणाऱ्यांचा.

मुंबईतही २०१५ साली असेच एक दृश्य दिसले. महापालिकेच्या नव्या प्रारूप आराखड्यात चुकांची रीघ होती. आरे वसाहतीच्या हिरव्या पट्ट्याबाबतच्या प्रस्तावाने लोक संतापले होते. तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने आराखडा दुरुस्तीसाठी मागे गेला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला. इथे नागरिकांचा आवाज ऐकला तो राज्याने. अंतिम अधिकार वर असण्याचा हा एक खरा फायदा आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ऐकणे हे त्या क्षणीच्या मर्जीवर अवलंबून राहिले, हेही तितकेच खरे.

वसईची विहीर

साहित्याच्या वाचकांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नाव २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून परिचित आहे. वसईकर त्यांना त्याआधीपासून दुसऱ्या कारणासाठी ओळखत होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसई-विरार पट्ट्यातील मोठी हिरवी जमीन बांधकामासाठी खुली करण्याच्या हालचाली सुरू झाल्या आणि पुढे या भागाचे नियोजन सिडकोकडे सोपवले गेले. केळीच्या बागा, पानवेली आणि फुलशेती यांवर जगणाऱ्या गावांचा नकाशा आता त्या गावांनी निवडून न दिलेली संस्था काढणार होती. ‘हरित वसई’च्या झेंड्याखाली दिब्रिटोंसह हजारो लोक रस्त्यावर आले. बागायती विहिरींतून टँकरने होणारा पाण्याचा उपसा हा त्या लढ्याचा मर्मबिंदू होता.

जमिनीच्या वापराचा प्रश्न नकाशावर सपाट दिसतो, पण त्याच्याखाली पाणी असते, हे वसईने दाखवून दिले. पिवळा रंग एका शिवारात पडला की शेजारच्या हिरव्या शिवारातल्या विहिरीची पातळी खाली जाते. त्या विहिरीवर पोहरा सोडणाऱ्याला हे दुसऱ्या दिवशी कळते. दूरच्या कार्यालयातल्या आरेखकाला ते कळायला वर्षे लागतात. नियोजनाचा अधिकार जमिनीच्या जवळ असावा, या मागणीमागचे खरे कारण हे आहे. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि भोवतीची गावे मिळून महापालिका झाली, तेव्हाही अनेक गावांनी तिच्यात जायला विरोध केला. ‘स्थानिक’ म्हणजे नेमके किती जवळचे, हा प्रश्न तिथे नव्याने उभा राहिला.

आरक्षण टिकते किती दिवस?

आता त्या ‘नंतर’कडे येऊ. समजा, एका भूखंडावर मैदानाचे आरक्षण पडले. मालकाला तिथे बांधता येत नाही आणि महापालिका ती जमीन घेतही नाही. दहा वर्षे उलटली की कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरावीक काळात जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. हा काळ मुळात सहा महिन्यांचा होता. पुढे तो बारा महिने आणि २०१५ मध्ये चोवीस महिने झाला. नुसता ठराव करून किंवा पत्र पाठवून ‘पावले उचलली’ असे म्हणता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ‘गिरनार ट्रेडर्स’ खटल्यात स्पष्ट केले.

मालकाच्या बाजूने हे न्याय्यच आहे. कुणाची जमीन किती काळ टांगून ठेवायची? पण दुसऱ्या बाजूने प्रत्येक रद्द झालेले आरक्षण म्हणजे कधीच न झालेले एक मैदान. महापालिकेकडे जमीन विकत घेण्याइतके पैसे नसतात. म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे बोलीभाषेतला ‘टीडीआर’, आला : जमिनीच्या बदल्यात पैशाऐवजी दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क. त्याने मैदाने काही प्रमाणात मिळाली, पण ते जादा बांधकाम ज्या गल्लीत उतरते तिथल्या नळाचे, गटाराचे आणि रस्त्याचे काय, याचा हिशेब आराखड्यात क्वचितच असतो. नकाशा काढण्याचा अधिकार आहे, पण तो प्रत्यक्षात आणण्याइतका पैसा नाही, ही स्थानिक स्वराज्याची जुनीच दुखरी नस.

आणि नकाशाबाहेरही एक शहर वाढत असते. शेतीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे करून, साध्या कागदावर लिहून घेऊन घरे बांधली जातात. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. तरीही राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची कालमर्यादा वाढवून डिसेंबर २०२० पर्यंत आणावी लागली. ज्याला पिवळ्या रंगात घर परवडत नाही तो हिरव्या रंगात राहायला जातो. त्याला बेकायदा म्हणणे सोपे आहे. पण आराखड्यात त्याच्या ऐपतीची जागा कुठे दाखवली होती, हे विचारणेही तितकेच आवश्यक आहे.

सभागृह रिकामे असताना

अलीकडच्या काळात दोन गोष्टींनी हा तोल आणखी कलला. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुंबई आणि काही अपवाद वगळता सर्व शहरांसाठी एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली. एका नियमाने सर्वांना सोय झाली, गोंधळ कमी झाला, हे खरे. पण कोकणातल्या पावसाचे गाव आणि मराठवाड्यातले कोरडे शहर यांना इमारतींबाबत फारसे वेगळे काही म्हणण्याची जागा उरली नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. तीन वर्षांहून अधिक काळ सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे राहिले. आराखड्यावरचे प्रस्ताव, फेरबदल, आरक्षणांचे निर्णय हे सारे या काळात चालूच होते. कायद्याच्या दृष्टीने ‘नियोजन प्राधिकरण’ अस्तित्वात होते. फक्त त्यात निवडून आलेले कोणी नव्हते. रेघही सरकारने नेमलेल्या माणसाची आणि सहीही सरकारचीच, असा हा काळ.

मग अधिकार सगळाच खाली द्यावा का? नगरसेवकांनी कुणाच्या तरी सोयीसाठी आरक्षणे उठवण्याचे ठराव केल्याचे शहराशहरांत पाहिले आहे. वरची तपासणी राहायला हवी. पण तपासणी आणि ताबा यांत फरक आहे. राज्याने प्रदेशाचे प्रश्न पाहावेत : नदी, पूररेषा, महामार्ग, टेकड्यांची सलग रांग, स्वस्त घरांचे किमान प्रमाण. त्या चौकटीत कोणत्या कोपऱ्यावर मैदान आणि कोणत्या गल्लीत बाजार, हे शहराने ठरवावे. आणि राज्याने त्यात बदल केला तर का केला याची कारणे लेखी, सर्वांना वाचता येतील अशी द्यावीत. सहीला मुदत असावी, म्हणजे दहा वर्षे वाट पाहून टेकडी झिजणार नाही.

तोवर त्या दालनातल्या माणसाच्या हातात आहे ती हरकत. ती अगदीच निरुपयोगी नाही. पुण्याच्या टेकड्या आणि मुंबईचा मागे गेलेला आराखडा याची साक्ष देतात. पण फक्त आपल्या सर्व्हे नंबरापुरती दिलेली हरकत एकटी पडते. आपल्या घरावरचा रस्ता शेजारच्या घरावर सरकवा एवढेच ती म्हणते, आणि अशा हजारो हरकती एकमेकींना खोडून काढतात. वॉर्डातल्या शाळा किती, मैदाने किती, ओढा कुठून वाहतो, हे दाखवणारी, अनेकांच्या सह्यांची हरकत सुनावणीत वेगळी ऐकली जाते. मुदत महिना-दोन महिन्यांची असते आणि पुढचा आराखडा वीस वर्षांनी येतो. आपला अनुभव सांगतो की तिसाव्या वर्षीही येऊ शकतो. तेव्हा पुढच्या वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात ती जाहीर सूचना दिसली, तर पान उलटू नये. नकाशासमोर जाऊन आधी आपला नंबर शोधावा, आणि मग दोन पावले मागे सरकून सबंध नकाशा पाहावा.